एक दिवसाची वाट

(वाचावयाचे भाग : एज्रा अध्याय ७ व ८, योहान अध्याय ४, प्रेषितांची कृत्ये अध्याय १०, २७ व २८)



पवित्र शास्त्र वाचीत असता एक गोष्ट आपल्या डोळ्यांखालून सहज निसटून जाते. ती म्हणजे वाट. अमका मनुष्य उठला आणि अमक्या गावी गेला, एवढेच सांगून शास्त्रलेखक पुढे चालू लागतो. त्याच्या काळचा वाचक त्या वाटा स्वतः चाललेला असे. त्याला अधिक सांगण्याचे कारण नव्हते. आपण मात्र ‘उठला’ आणि ‘गेला’ ह्या दोन शब्दांमध्ये किती दिवस गेले, किती वहाणा झिजल्या, किती रात्री परक्याच्या ओसरीवर काढाव्या लागल्या, ह्याचा विचार न करिता पुढच्या वचनाकडे वळतो. आज भोरच्या स्थानकात एस.टी.मध्ये बसले की सुमारे दोन तासांत स्वारगेट येते. अशा दिवसांत पेत्राच्या किंवा पौलाच्या प्रवासाचा अदमास चुकावा ह्यात नवल नाही.

तथापि हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ व कानद खोरे ह्यांत राहणाऱ्या आपल्या उपदेशक बंधूंस ह्या बाबतीत एक लाभ आहे, आणि तो शहरातील मोठ्या पंडितासही सहसा नसतो. डोंगराचा कोस व सपाटीचा कोस एक नव्हे, हे त्यांस पायांनी ठाऊक आहे. तोरण्याच्या माथ्यावरून राजगड समोर दिसतो. नकाशावर ते अंतर बोटभरही भरत नाही. पण सोंडेसोंडेने चालू लागणारास सहासात तास लागतात. पॅलेस्ताईन देश असाच डोंगराळ आहे. म्हणून ह्या पाठात आपण शास्त्रातील काही वाटा आपल्या वाटांवर ठेवून मोजू या. सोयीसाठी कोस म्हणजे सुमारे ३ किलोमीटर धरू.

प्रथम मापे पाहू. ‘शब्बाथाची वाट’ म्हणजे २,००० हात, सुमारे १ किलोमीटर, जैतुनाचा डोंगर यरुशलेमेपासून तेवढ्याच अंतरावर होता असे लूक लिहितो (प्रे. कृ. १:१२). शब्बाथाच्या दिवशी धर्मनिष्ठ यहूदी ह्याहून अधिक चालत नसे. ‘एक दिवसाची वाट’ हे मात्र ठरीव माप नव्हे. मोकळा, धट्टाकट्टा पुरुष दिवसाला ३० किलोमीटर, म्हणजे दहा कोस, सहज चाले. बायकामुले व ओझी बरोबर असली म्हणजे सातआठ कोस झाले तरी पुष्कळ. गालीलातून शोमरोनमार्गे यरुशलेमेस जलद जाणारास तीन दिवस लागतात, असे योसेफस ह्या यहूदी इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. बारा वर्षांच्या येशूला शोधीत त्याचे आईबाप परत फिरले, त्या कथेतील तीन दिवसांचा हिशेब बहुतेक असाच बसतो : एक दिवस जाण्याचा, एक दिवस परतण्याचा, आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात भेट. एक दिवसभर मुलगा दिसला नाही तरी ते निश्चिंत होते, ह्याचे कोणी आश्चर्य करू नये. सगळ्या गावचा जथा बरोबर होता. जत्रेस निघालेल्या आपल्या लोकांत कोणाचे पोर कोणाबरोबर चालले आहे हे कोण पाहतो?

नासरेथहून बेथलेहेमास जाण्यास वळणावळणाच्या वाटेने सुमारे १४० किलोमीटर पडत, म्हणजे पाचसहा मुक्काम. नाताळच्या चित्रांत मरीयेला नेहमी गाढवावर बसविलेले असते. गाढव होते की नव्हते, लूक एका अक्षरानेही सांगत नाही. ते चित्रकारांनी आणिले आहे. त्या काळी घोडा हा राजाचा व शिपायाचा, उंट व्यापाऱ्याचा, गाढव ज्याला परवडेल त्याचे, आणि बाकीचे सर्व लोक पायी, ही गोष्ट रविवारच्या शाळेत मुलांस जरूर सांगावी.

यरुशलेमेहून यरीहोस जाणारा मनुष्य लुटारूंच्या हाती सापडला, त्या दृष्टांतात प्रभू त्याला ‘खाली’ जाणारा म्हणतो. ते बोलण्याची रीत म्हणून नव्हे. यरुशलेम समुद्रसपाटीहून सुमारे ७५० मीटर उंच, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. नऊ कोसांच्या आत १,००० मीटरांची उतरण. भोरहून वरंध घाटाने महाडास किंवा केळदहून मढे घाटाने कोकणात जो उतरला आहे, त्याला हे निराळे समजावून द्यावयास नको. अंतर एवढेच की आपल्या घाटात झाडी आहे, झरे आहेत. यरीहोच्या घाटात उघडे खडक व दऱ्या, पाण्याचा थेंब नाही. जखमी होऊन तेथे पडलेला मनुष्य सूर्य माथ्यावर येईतो जगेल की नाही, असा प्रश्न होता. याजक व लेवी त्या वेळी त्याला टाळून पुढे गेले.

आता चालीकडे वळू. सर्वांत जलद चालणाऱ्याच्या चालीने वाट मोजावी, हा आपल्या काळचा विचार आहे. शास्त्रात बहुतेक ठिकाणी सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल ही सर्वांची चाल असे. याकोब वीस वर्षांनी परत येत असता एसावाने त्याला बरोबर चलण्याचा आग्रह केला. तेव्हा याकोबाने सांगितले की मुले कोवळी आहेत, मेंढ्या व गाई पाजत्या आहेत, एक दिवस जरी दामटले तरी सगळा कळप मरेल. मी गुरांच्या व मुलांच्या चालीने हळूहळू येईन (उत्पत्ति ३३:१३, १४). फलटणच्या बाजूचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या आधी परत वर येतात, त्यांचा तळ ज्याने पाहिला आहे त्याला याकोबाचे बोलणे समजेल. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेले कोकरू, आणि मागून चालणारी म्हातारी. कोकरू चालू लागले नाही तर सारा वाडा थांबतो.

एज्राचा प्रवास हे ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. इ.स.पूर्व ४५८ ह्या वर्षी तो बाबेलाहून यरुशलेमेस निघाला, असे बहुतेक मानितात. सरळ रेषेत पाहिले तर हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे. परंतु मध्ये अरण्य, पाणी नाही. म्हणून फरात नदीच्या काठाकाठाने वर उत्तरेस जाऊन मग खाली वळावे लागे, आणि वाट सुमारे १,४०० किलोमीटरांची होई. पाणी जेथून वाहते तेथूनच वाट जाते, हे कानंदी, गुंजवणी, वेळवंडी व नीरा ह्या नद्यांच्या काठच्या लोकांस सांगणे न लगे.

पहिल्या महिन्याच्या बाराव्या दिवशी त्यांनी अहवा नदी सोडली आणि पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी ते यरुशलेमेत पोहोचले. म्हणजे सुमारे १०७ दिवस; दिवसाची सरासरी १३ किलोमीटर, चार कोसांहून थोडी अधिक. ही चाल आपणांस परकी नाही. आळंदीहून पंढरपूरची वारी सुमारे २५० किलोमीटरांची, आणि तिला अठरा ते वीस दिवस लागतात. सरासरी काढली तर जवळजवळ एज्राचीच चाल निघते. भोरवरून वाहत गेलेली आपली नीराच पुढे नीरा गावी ती पालखी ओलांडते. आपणांपैकी कित्येकांचे आजे व पणजे त्या दिंड्यांत चालले आहेत. मोठा समुदाय, म्हातारीकोतारी, स्वयंपाकाची भांडी, मधले विसाव्याचे दिवस, हे सर्व बरोबर घेऊन मनुष्ये किती चालतात, ह्याचे उत्तर बाबेलाच्या वाटेवर आणि पंढरीच्या वाटेवर एकच येते.

एज्राच्या वर्णनात एक वाक्य मला फार आवडते. वाटेत शत्रू व दबा धरणारे होते; राजाजवळ स्वार मागता आले असते. पण आमच्या देवाचा हात आम्हांवर आहे असे आपण राजाला सांगून चुकलो, आता शिपाई कसे मागावे, अशी त्याला लाज वाटली (एज्रा ८:२२). म्हणून त्याने नदीकाठी उपास केला. त्या उपासातली विनंती काय होती? आपल्यासाठी, आपल्या लेकरांसाठी व आपल्या मालमत्तेसाठी नीट वाट मिळावी. सोने, रुपे व मंदिराची पात्रे तोलून त्याने बारा याजकांच्या हवाली केली आणि पोहोचल्यावर पुन्हा तोलून घेतली. प्रार्थना आणि तराजू दोन्ही. मंडळीचा पैसा सांभाळणाऱ्या पंचांनी हा अध्याय वर्षातून एकदा वाचावा.

होरेबापासून कादेश-बर्ण्यापर्यंत अकरा दिवसांची वाट आहे असे अनुवादाच्या आरंभी सांगितले आहे, आणि देशात शिरण्यास इस्राएलास चाळीस वर्षे लागली. ह्याचे कारण वाटेत नव्हते, हे आपण जाणतो. एलीयाचे चाळीस दिवस निराळे. तो जिवाच्या भीतीने पळाला होता, रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता; देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याची चंबू उशाशी ठेविली, दोनदा उठवून खाऊ घातले, आणि वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे एवढेच सांगितले.

पाणी व ऋतू ह्यांचा हिशेब दिवसांच्या हिशेबाहून मोठा असे. पौल त्रोवसाहून निघाला आणि दुसऱ्या दिवशी नियापुलीस, म्हणजे फिलिप्पैच्या बंदरात, उतरला (प्रे. कृ. १६:११). काही वर्षांनी तोच समुद्र उलट दिशेने ओलांडण्यास त्याला पाच दिवस लागले (२०:६). समुद्र तोच, वारा फिरला होता. रोमेच्या प्रवासात लूक म्हणतो की उपासाचा दिवस होऊन गेला होता व तारू हाकारणे धोक्याचे झाले होते. हा उपास म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, आपल्या आश्विनाच्या सुमाराचा. त्यांच्या समुद्रात हिवाळ्यात तुफाने होत, म्हणून थंडीचे महिने गलबते बंदरात राहत. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवितात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडतो. ऋतू उलटा, रीत तीच. तारू फुटल्यावर पौल मिलिता बेटावर तीन महिने राहिला, तो ह्याच कारणाने. आपल्याकडेही वरंध घाटात दरडी कोसळतात, जिल्ह्याचे अधिकारी पावसाळ्यात घाट बंद करितात, आणि भोरचा मनुष्य भोरला व महाडचा महाडास राहतो. थांबणे हा प्रवासाचाच भाग होता. पौलाच्या सर्व वाटा मिळून सुमारे १६,००० किलोमीटर होतात असा अभ्यासक अंदाज करितात; पण तुरुंगात, बंदरांत व परक्यांच्या घरी तो जेवढे महिने बसून राहिला त्यांची बेरीजही कोणी करावी.

मार्काच्या सहाव्या अध्यायात लोक काठाकाठाने धावत जाऊन प्रभूच्या तारवाच्या आधी पोहोचले, हे शहरातील वाचकास नवल वाटते. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघर धरणाच्या काठच्या लोकांस वाटणार नाही. पाण्याचा फाटा कोठे अरुंद आहे, होडी कोणत्या वाऱ्याने रेंगाळते आणि पाऊलवाटेने कोण आधी पोहोचतो, हे तेथील पोरासोरांस ठाऊक असते.

आता योहानाच्या चौथ्या अध्यायातील दुसरी कथा पाहा. कफर्णहूमातील राजाच्या एका अंमलदाराचा मुलगा मरणास टेकला होता. बाप काना गावी येशूकडे आला. दोहोंतील अंतर आठनऊ कोस; कफर्णहूम सरोवराच्या काठी खोलगट भागात, काना वर डोंगरात. म्हणजे बाप चढण चढून आला होता. त्याने दोनदा विनविले की चल. प्रभू गेला नाही. तुझा मुलगा वाचला आहे, जा, एवढेच बोलला. सातवा तास होता, म्हणजे दुपारी एकचा सुमार. बाप निघाला. वाटेत चाकर भेटले आणि काल सातव्या ताशी ताप उतरला असे म्हणाले. ‘काल’ ह्या शब्दावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. यहूदी दिवस सूर्यास्ताबरोबर बदले, म्हणून ही भेट त्याच संध्याकाळची असेल असे काही म्हणतात. रात्र वाटेत काढून दुसऱ्या दिवशी झाली असे दुसरे म्हणतात. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. परंतु कसेही धरिले तरी निदान पाचसहा तास तो मनुष्य हातात काही नसता चालत होता. औषध नाही, वैद्य बरोबर नाही, फक्त एक शब्द.

ह्या डोंगरांतील कित्येक वाड्यांवरून दुखणेकऱ्यास अजूनही डोलीत किंवा झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते. पावसात ओढा भरला तर डोली काठावर खाली ठेवून पाणी उतरण्याची वाट पाहतात. ज्या बापाने अशी डोली खांद्यावर घेतली आहे, त्याने ही कथा मंडळीत वाचून दाखवावी. पाळकाने गप्प बसून ऐकावी. तो अंमलदार घरी पोहोचण्याच्या आधी काय विचार करीत होता हे योहान लिहीत नाही, पण त्या माणसाला ते ठाऊक असते.

आता ज्यासाठी हा पाठ घेतला त्या मुद्द्याकडे येतो. वाट लांब, म्हणून दुपारी तहान लागते व संध्याकाळी रात्रीचा प्रश्न येतो. तहान आणि रात्र मनुष्याला परक्याच्या दारी उभे करितात. उतारशाळा थोड्या होत्या आणि ज्या होत्या त्यांची कीर्ती बरी नव्हती. म्हणून प्रवासी गावच्या वेशीत बसे आणि कोणी आत बोलावील म्हणून वाट पाही. कोणी बोलाविले नाही तर काय होते, ह्याचे वर्णन पंडिता रमाबाईंच्या साक्षीत आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. १८७४ मध्ये आईबाप दुष्काळात वारल्यावर त्या व त्यांचे बंधू हिंदुस्थानभर पायी फिरले, आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. आईबापांबरोबरची व नंतरची अशी ही चाल सुमारे ४,००० मैलांची त्यांनी सांगितली आहे. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर घ्यावयास काही नव्हते, तेव्हा बहीणभावांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून त्यांत निजून अंगावर वाळू ओढून घेतली. पुढे ह्याच बाईंनी केडगावात राहून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पुरे छापून निघाले.

शोमरोनातील विहिरीवर प्रभू बसला तो चालून थकला म्हणून. यरुशलेमेपासून ते ठिकाण सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे दोन दिवसांची वाट. वेळ भर दुपारची. त्याच्याजवळ पोहरा नव्हता, विहीर खोल होती. यहूदी शोमरोन्यांच्या भांड्यास शिवत नसत. त्याने त्या बाईजवळ पाणी मागितले आणि ती चकित झाली. पाणी देणारी चकित झाली, हे लक्षात घ्या. आपल्याकडे मागणाराने चकित व्हावे अशी रीत होती. आपल्यांपैकी पुष्कळांच्या पणज्या-आज्यांनी विहिरीपासून दूर उभे राहून ओंजळ पुढे केली आहे, आणि कोणी वरून ओतीपर्यंत तहान सोसली आहे. वरंध घाट उतरून गेले की महाड लागते. त्या गावच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे लोक चालत गेले आणि त्यांनी पाणी प्याले. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव आधीच, १९२४ साली, झाला होता. तरी लोकांना मार बसला, तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. योहानाचा चौथा अध्याय आपल्या खोऱ्यांत वाचताना हे तळे घाटाखालीच आहे ह्याची आठवण ठेवावी. प्रभू शोमरोन्यांच्या त्या गावी दोन दिवस राहिला. दोन दिवस, म्हणजे तितकी जेवणे व तितक्या रात्री.

हेच पेत्राला शिकावे लागले, आणि त्याला ते वाटेने शिकविले. कैसरिया ते यापो हे अंतर सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे बरोबर भोर ते पुणे. हा हिशेब मंडळीत सांगा, लोकांच्या डोळ्यांपुढे सगळी वाट उभी राहील. कर्नेल्य शताधिपतीला नवव्या ताशी, म्हणजे दुपारी तीनला, दर्शन झाले. त्याने लागलीच दोन चाकर व एक शिपाई पाठविले. घोड्यांचा उल्लेख नाही. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास ते यापोजवळ आले. समजा, भोरहून तीनला निघाले. कापूरहोळ, नसरापूर, खेड-शिवापूर करीत, रात्री थोडे कोठे टेकून, पुन्हा चालत, दुसऱ्या दिवशी जेवणवेळेस पुण्याच्या वेशीत. थकलेली, धुळीने भरलेली, उपाशी अशी तीन परराष्ट्रीय माणसे.

पेत्र शिमोन चांभाराच्या घरी उतरला होता. कातड्याचे काम यहूद्यांतही हलके मानीत. म्हणजे अर्धी वाट तो आधीच चालून आला होता. उरलेली अर्धी त्या दुपारी दारात उभी राहिली. त्या तिघांना तेव्हाच परत जाता आले असते तर निरोप घेऊन त्यांस वाटेला लावता आले असते. पण ५० किलोमीटर चालून आलेल्या मनुष्याला तसाच परत कोण पाठवितो? पेत्राने त्यांस आत बोलाविले आणि रात्री ठेवून घेतले. लूकाने हे एका वाक्यात लिहिले आहे; मला ते वाक्य त्या अध्यायातील दर्शनाएवढेच मोठे वाटते. दुसऱ्या दिवशी ते निघाले. पेत्र, यापोचे सहा बंधू आणि ते तिघे, अशी दहा माणसे. कैसरियास ते त्याच्या पुढच्या दिवशी पोहोचले, म्हणजे मध्ये एक रात्र वाटेत झाली. सात यहूदी व तीन परराष्ट्रीय ह्यांनी त्या संध्याकाळी भाकरी सोडल्या असतील. कोण कोठे बसला असेल?

यरुशलेमेस परत आल्यावर पेत्रावर जो आरोप आला तो काय होता, हे अकराव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात पाहावे. तू त्यांचा बाप्तिस्मा का केलास, असे कोणी विचारले नाही. तू बेसुंती लोकांच्या घरात जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास, असे ते म्हणाले.

१८९३ साली सुरू झालेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचे ठाणे नसरापुरास होते. त्या काळी दख्खनेतील सर्वच मिशनांचे उपदेशक सुगीनंतरच्या थंडीत खेडोपाडी फिरत, पायी किंवा बैलगाडीने, आणि जेथे रात्र होई तेथे राहत. त्यांच्या भाषणांपेक्षा ते कोणाच्या घरी जेवतात ह्याकडे गावचे डोळे अधिक लागलेले असत. आज उपदेशक मोटारसायकलने येतो, उपासना झाली की संध्याकाळी परत जातो. वेळ वाचतो, पेट्रोलाचा हिशेब मंडळीच्या वहीत येतो, पण रात्र होत नाही. आणि रात्र होत नाही म्हणून एक प्रश्न न विचारता राहून जातो. पाहुणा उपदेशक मूळचा कोणापैकी, हे हळूच विचारून मगच ताट वाढणारी घरे आपल्या मंडळ्यांत अजून आहेत, असे ऐकू येते. अम्माऊसच्या त्या दोघांना बरोबरचा वाटसरू कोण हे कळले नव्हते. दिवस कलला आहे एवढेच त्यांनी पाहिले आणि त्याला आग्रह करून आत नेले. कोण तो, हे भाकर मोडल्यावर कळले. मग ते उठले आणि तीनचार कोसांची तीच वाट अंधारात उलट चालून यरुशलेमेस गेले.

शेवटी प्रेषितांच्या कृत्यांचा शेवटचा अध्याय काढा. मिलिताहून निघून पौल पुत्युलास उतरला. तेथील बंधूंनी त्याला सात दिवस ठेवून घेतले, आणि तो येत असल्याचे वर्तमान रोमेच्या मंडळीस पोहोचले. त्यांनी पौलाला बहुतेक पाहिलेही नव्हते. तीन वर्षांमागे त्याचे एक पत्र तेवढे आले होते. आता तो कैदी होऊन येत होता, शिपायाच्या पहाऱ्यात. रोमेहून दक्षिणेस जाणारा तो फरसबंद रस्ता इ.स.पूर्व ३१२ मध्ये बांधावयास घेतलेला. त्या रस्त्याने बंधू निघाले. काही तीन उतारशाळांपर्यंत आले. ते ठिकाण रोमेपासून सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून भोर. काही त्याहून पुढे अप्पियाच्या पेठेपर्यंत आले. ते सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून वेल्ह्यापर्यंत आणि वर थोडे. अलीकडे थांबलेले का थांबले हे लूक सांगत नाही. कोणी म्हातारे असतील, कोणाचे पाय सुजले असतील, कोणाला धन्याने दोनच दिवसांची रजा दिली असेल. त्यांस पाहून पौलाने देवाची स्तुती केली व त्याला धीर आला, असे लिहिले आहे. मग ते सर्व, बेडीतला पौल, शिपाई, शताधिपती आणि रोमेचे बंधू, दोनतीन दिवस बरोबर चालले.